हद्दीपलीकडचं कॉलेज किती लांब?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आठवणी सांगायला माझ्या आधी चार जण बोलले आणि माझ्यानंतर तिघे आहेत. छड्या, पावसात गळणारा वर्ग, प्रयोगशाळेतली एकुलती एक परीक्षानळी, सगळं त्यांच्याकडे सोपवतो. संयोजकांनी मला वेगळं काम दिलंय. म्हणाले, तू चोवीस वर्षं नाशिकला कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसलास, तर पोरांना शिकायला कुठं पाठवायचं आणि त्याला काय पडतं ते नीट सांग. आपल्यातल्या बहुतेकांची मुलं किंवा भाचे-पुतणे आत्ता नववी ते बारावीत आहेत, म्हणून हा विषय.

दर जूनमध्ये मला फोन येतात. उंबरठाणकडून येतात, पांगारण्याकडून येतात, बाऱ्हे, बोरगाव सगळीकडून. प्रश्न साधारण एकच. "भाऊ, पोराला नाशिकला टाकू का वांसद्याला? वांसदा जवळ आहे, धरमपूरला आत्या आहे, फीपण कमी सांगतात." हा प्रश्न सिन्नर-निफाडच्या माणसाला पडत नाही. त्याच्यासाठी परराज्य म्हणजे रेल्वेचं तिकीट. आपल्यासाठी परराज्य म्हणजे बाजाराचा गाव. आपली सोयरीक तिकडे, आजारी माणूस तिकडच्या दवाखान्यात, कामाला तिकडे, होळीआधी डांग दरबार बघायला आहव्याला. सुरगाणा संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन नाशिक जिल्ह्यात आलं आणि १ मे १९६० ला दोन राज्यं झाली, तेव्हा रेघ कागदावर पडली. जंगलात ती अजून कुणाला दिसलेली नाही. २०२२ च्या अखेरीस हद्दीवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत घ्या म्हणून निवेदनं दिली, त्यातही रस्ता, दवाखाना, शाळा हीच कारणं होती. त्या राजकारणात मी पडत नाही. पण रेघ दिसत नाही म्हणून ती नाही असं समजून कुणी मुलाचं ॲडमिशन करू नये, एवढ्याचसाठी मी उभा आहे.

आधी साधा हिशेब मांडतो. सर, चुकलं तर टोका, गणिताला मला तुम्हीच काठावर पास केलं होतं.

एक मुलगा बी.एस्सी.ला नाशिकला ठेवला. कॉट बेसिसवर खोली धरा दोन हजार, मेसचा डबा दोन वेळचा अठ्ठावीसशे, वही-पेन, बस, मोबाइल मिळून सातशे. महिन्याला साडेपाच हजार, दहा महिन्यांचे पंचावन्न हजार. हे आकडे माझ्या टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या मुलांनी सांगितलेले आहेत, दोन-पाचशे इकडेतिकडे. तोच मुलगा वांसद्याला किंवा धरमपूरला नात्यात राहिला तर खर्च निम्म्यावर येईल. फीचा फरक धरला तर आणखी चार पैसे वाचतील. बाप म्हणतो, सरळ आहे, तिकडेच टाकू.

आता दुसरी बाजू. नाशिकला आदिवासी विकास विभागाची मुलांची आणि मुलींची वसतिगृहं आहेत. तिथं नंबर लागला तर राहणं फुकट. २०१८ मध्ये शासनाने शहरांतल्या वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर द्यायचं ठरवलं. त्याविरुद्ध मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती, तुम्हाला आठवत असेल. माझं मत विचाराल तर ताट बरं होतं. खात्यावरचे पैसे घरी पाठवणारी आणि स्वतः एक वेळ जेवणारी मुलं मी पाहिली आहेत. असो. वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ती २०१६-१७ ला सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, नाशिकसारख्या इतर महापालिकांच्या शहरांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या बाकी ठिकाणी ४३,००० असे दर होते. त्याशिवाय भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तिची उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्या वरच्या उत्पन्नाला शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्काची वेगळी सवलत.

यातलं हद्दीपलीकडे काय जातं? फक्त भारत सरकारची शिष्यवृत्ती. ती मुलगा ज्या राज्याचा त्या राज्याने द्यायची असते, मग तो कुठंही शिकेना. पण तिच्यातला राहण्या-जेवण्याचा भाग बघा. २०१० मध्ये ठरलेल्या दराने बी.ए., बी.एस्सी.च्या वसतिगृहातल्या मुलाला महिन्याला ५७० रुपये आणि घरून येणाऱ्याला ३००. स्वयम् हद्द ओलांडत नाही, वसतिगृह तर ओलांडूच शकत नाही. म्हणजे आत्याकडे राहून पंचवीस-तीस हजार वाचवताना एक्कावन्न हजारांवर पाणी सोडलं. तिकडच्या आदिवासी मुलाला गुजरात सरकार फ्रीशिप कार्ड देतं, त्यावर त्याला फी न भरता प्रवेश मिळतो. आपला मुलगा त्याच बाकावर बसतो, दोघं घरी एकच कोकणा बोली बोलतात, एकाच कुळातले असतील, पण कार्ड त्याला नाही. त्याने फी रोख भरायची आणि मग आपल्या राज्याकडून येण्याची वाट बघायची.

"पण आमची जमात दोन्हीकडच्या यादीत आहे की," असं लोक म्हणतात. आहे, कोकणाही आहे आणि वारलीही आहे. तरी चालत नाही. का, ते सांगतो, कारण ते आपल्या दहावीच्या वर्षातच ठरलं. आपली परीक्षा मार्चमध्ये झाली, निकालाची वाट बघत आपण करवंदं खात हिंडत होतो, आणि २ मे १९९० ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एका मुलाचा निकाल दिला. मर्री चंद्रशेखर राव त्याचं नाव. जन्म आंध्रात तेनालीचा, जमात आंध्रच्या यादीतली. वडील नोकरीला मुंबईत आले, मुलगा मुंबईत शिकला आणि त्याने मुंबईच्या वैद्यकीय कॉलेजात अनुसूचित जमातीची जागा मागितली. न्यायालय म्हणालं, घटनेच्या ३४२ व्या कलमात जमात त्या त्या राज्यापुरती जाहीर होते. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात राखीव जागेला चालणार नाही. तेव्हापासून हेच चालू आहे. त्या मुलाबद्दल मला वाईट वाटतं, पण आपण त्याच्या नावाचा खटला पाठ करून ठेवावा. तो आंध्रातून मुंबईला गेला होता, आपली मुलं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात आणि त्यांनाही तोच नियम लागतो.

बाहेरच्याकडून जास्त पैसे घेणं तर त्याहून जुनं आहे. इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात मध्य भारताबाहेरच्या विद्यार्थ्याला फीखेरीज कॅपिटेशन फी वेगळी द्यावी लागे. दिल्लीचा रहिवासी असलेला डी. पी. जोशी नावाचा विद्यार्थी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५५ मध्ये बहुमताने हरला. जे राज्य कॉलेज चालवतं त्याने आपल्या रहिवाशांना सवलत दिली तर चालेल, असं ठरलं. अमेरिकेत तर सरकारी विद्यापीठांची फीच घरच्याला एक आणि बाहेरच्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट अशी उघड छापलेली असते. आपल्याकडे ती छापलेली नसते. आपल्याकडे ती कागदपत्रांत लपलेली असते, म्हणून जास्त फसगत होते.

सगळ्यांत मोठी फसगत कॉलेजच्या आधी होते, अकरावीला. हे जरा लक्ष देऊन ऐका, कारण इथून पुढं दुरुस्तीच नसते.

हद्दीवरच्या एका गावातला मुलगा. नाव सांगत नाही, घरचे इथं ओळखीचे आहेत. दहावीपर्यंत आपल्याकडे, हुशार. विज्ञानाची चांगली शिकवणी हवी म्हणून अकरावी-बारावी गुजरातेत केली, मामाच्या घरी राहून. नीटला मार्क असे की आपल्या राज्याच्या जमातीच्या जागेवर सरकारी मेडिकलला आशा धरावी. महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशाची अट, काही ठरावीक अपवाद सोडले तर, अशी की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली पाहिजे आणि अधिवासही इथला. याची बारावी तिकडची. गुजरातेत अर्ज केला तर तिथं अधिवास गुजरातचा लागतो, तो याच्याकडे नाही, आणि जमातीचा दाखला महाराष्ट्राचा. उरला तो अखिल भारतीय कोटा, सरकारी कॉलेजांतल्या पंधरा टक्के जागांचा. तिथं देशभरातली मुलं, तिथली कटऑफ वर. दोन राज्यांच्या मध्ये जन्मलेला मुलगा दोन्ही राज्यांच्या बाहेर पडला. त्याचा बाप माझ्यासमोर बसून फक्त एवढंच विचारत होता की बारावी पुन्हा इकडून देता येईल का. मुलगा शेवटी बी.एस्सी. झाला, आता बरा आहे, पण त्या खुर्चीवर बसलेला बाप माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

गंमत म्हणजे इंजिनिअरिंगला नियम वेगळे. राज्याच्या सीईटीला आई-वडिलांच्या किंवा स्वतःच्या अधिवासावर मार्ग निघतो. आणि एनआयटीला तर तुम्ही कुठले रहिवासी हे विचारतच नाहीत, बारावी कुठून झाली ते बघतात. तिथल्या निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना असतात. म्हणजे सुरगाण्यात बारावी झालेल्याला नागपूरची एनआयटी घरची आणि सुरतची परकी. वांसद्याला बारावी झालेल्या त्याच्याच चुलतभावाला सुरत घरची आणि नागपूर परकी. नियम करणारे दिल्लीत बसतात, त्यांना आपलं गाव एका वावरात दोन राज्यं घेऊन बसलंय हे कुठून कळणार!

म्हणून माझं पहिलं सांगणं. जोवर मेडिकल, आयुर्वेद यांपैकी काही डोक्यात आहे, तोवर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातच. शिकवणी वाईट असेल तर सुट्टीत दुसरीकडे शिकवणी लावा, पण दाखला इकडचाच ठेवा.

दाखल्यावरून आठवलं. जमातीची वैधता काढताना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा असेल तर निम्मी लढाई जिंकली, कारण त्या दिवशी जमातींची यादी निघाली. आपल्याकडे आजोबा शाळेत गेलेलेच क्वचित, त्यामुळे जो एखादा चुलत आजोबा चार यत्ता शिकला त्याच्या दाखल्याच्या नकलेवर अख्खं कूळ चालतं. अशा वेळी नातवाने मधेच तिकडच्या शाळेत दोन वर्षं काढली, तिथल्या कारकुनाने कोकणाचं कुंकणा लिहिलं, वडिलांच्या नावात भाई जोडलं, की समिती विचारते हा माणूस तोच का. तोच असतो. पण ते सिद्ध करायला वर्ष जातं आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाची ॲडमिशन वर्षभर थांबत नाही. शाळेचे सर इथं बसलेत म्हणून विनंती करतो की दाखला देताना नोंदीची स्पेलिंग आणि जन्मगाव दोनदा वाचून घ्या. एका अनुस्वाराची किंमत मी फार वेळा पाहिली आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा नाशिकला राहतो म्हणून नाशिकचंच गाणं गातो, राज्याबाहेर जाऊच नका म्हणतो. नाही. उलट मी म्हणतो की जायचं तर जरा लांब जा.

जमातीचा दाखला राज्याच्या कॉलेजात हद्दीवर थांबतो, पण केंद्राच्या संस्थेत थांबत नाही. आयआयटी, एनआयटी, एम्स, केंद्रीय विद्यापीठं, सगळीकडे जमातीच्या साडेसात टक्के जागा आहेत आणि आपल्या प्रांताचा दाखला केंद्राच्या नमुन्यात करून घेतला की तो गुवाहाटीपासून त्रिवेंद्रमपर्यंत चालतो. आयआयटी आणि एनआयटीमध्ये जमातीच्या विद्यार्थ्याला शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. राहिला वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च. त्यासाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, ठरावीक नामांकित संस्थांपुरती. उत्पन्नाची मर्यादा सहा लाख, राहण्यासाठी महिन्याला २,२०० रुपये, पुस्तकांना वर्षाला ३,००० आणि संगणकाला एकदाच ४५,०००. एम्समध्ये एमबीबीएसची वर्षाची फी काही हजारांत असते. त्याच एमबीबीएसला कित्येक अभिमत विद्यापीठं वर्षाला वीस लाखांच्या पुढं घेतात. नागपूरला २०१८ पासून एम्स आहे, म्हणजे तेवढं लांबही जायला नको.

साध्या पदवीलाही हे लागू आहे. मध्य प्रदेशात अमरकंटकला इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ आहे, २००७ च्या कायद्याने झालेलं. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीला सीयूईटी नावाची एकच परीक्षा आली, ती नाशिकला बसून देता येते. आपल्या भागातली एक मुलगी मला विचारत आली, तेव्हा तिच्या वडिलांचं म्हणणं होतं की अमरकंटक म्हणजे देशाबाहेरच. मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. अशा विद्यापीठात साध्या पदवीची फी वर्षाला काही हजार. पेंड्रा रोड स्टेशनपर्यंत स्लीपरचं तिकीट, त्यात सुट्टीला घरी येणाऱ्या जमातीच्या विद्यार्थ्याला रेल्वे ७५ टक्के सूट देते. कॉलेजकडून फॉर्म घ्यायचा असतो, मुलं आळसाने घेत नाहीत. सगळं धरून नाशिकपेक्षा जेमतेम जास्त. वडिलांनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "म्हंजे वांसदा महाग न् अमरकंटक स्वस्त?" त्यांचं वाक्य मी पुढं अनेक पालकांना ऐकवलं. आपल्या तालुक्यात किलोमीटर आणि रुपये एका दिशेने जात नाहीत.

हे सगळं सरकारी संस्थांपुरतं. खासगीचा भाग आला की मात्र लांबचं कॉलेज फार महाग पडू शकतं, आणि तिथं एक माणूस मधे असतो. त्याला आपण एजंट म्हणतो, तो स्वतःला सर म्हणवतो. बारावीच्या निकालाआधीच गावात येतो. दक्षिणेतलं नर्सिंग कॉलेज, शंभर टक्के स्कॉलरशिप, शंभर टक्के नोकरी, फक्त नोंदणीचे दहा हजार आणि मूळ दाखले द्या. आपल्याच भागातल्या चार मुली अशा गेल्या. कॉलेजचं नाव मी घेत नाही. तिथं गेल्यावर कळलं की शिष्यवृत्ती यायची तर कॉलेज आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त पाहिजे, अर्ज वेळेत पाहिजे, आणि आल्याशिवाय फी मुलीनेच भरायची. दोघी पहिल्या वर्षाला परत आल्या. परत येताना दाखले मिळेनात. मूळ कागद अडकवून ठेवायचे नाहीत असं यूजीसीने २०१८ मध्येच सांगितलंय, पण हजार किलोमीटरवर उभं राहून ते कोण कुणाला सुनावणार? तर नर्सिंगला पाठवायचं असेल तर आधी इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेज आहे का बघा, यादी मोबाइलवर दिसते. नोंदणी ज्या राज्यात शिक्षण होतं तिथल्या कौन्सिलकडे होते, ती पुढं महाराष्ट्रात बदलून आणावी लागते, त्यालाही वेळ आणि हेलपाटे धरा. आणि मूळ दाखला कुणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्स द्या, पाहिजे तर रंगीत द्या.

शिक्षणाची किंमत पाहिली, आता त्याचा उपयोग. इथं मी सरळ माझं मत सांगतो, पटलं नाही तर जेवताना भांडू. नुसत्या बी.ए., बी.कॉम.साठी राज्याबाहेरचं खासगी कॉलेज करू नये. त्याचं मोल इथल्या पदवीपेक्षा तसूभर जास्त होत नाही. ज्याला पुढं तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेवक व्हायचंय त्याला तर इथलंच शिक्षण बरं. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली अशी सतरा प्रकारची पदं स्थानिक जमातीच्या उमेदवारांना आहेत. स्थानिक म्हणजे तो, त्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा २६ जानेवारी १९५० पासून त्या क्षेत्रात राहणारे. भरती अडते, कोर्टात जाते, मुलं उपोषणाला बसतात, हे मला माहीत आहे. पण परीक्षा मराठीत असते आणि गुजराती माध्यमातून आलेला मुलगा तिथं अडखळतो.

ज्याला कारखान्यात जायचंय त्याचं गणित वेगळं. वापी आणि अंकलेश्वर आपल्याला नाशिकच्या सातपूर-अंबडपेक्षा परकं नाही. आयटीआयचं एनसीव्हीटीचं प्रमाणपत्र देशभर चालतं, त्यामुळे आपल्या सुरगाण्याच्या आयटीआयमध्ये शिकून वापीला नोकरी करता येते, आणि ते सगळ्यांत स्वस्त. डिप्लोमा तिकडे करायचा असेल आणि तिकडेच राहायचं ठरलेलं असेल तर मी अडवणार नाही. माणूस जिथं राहणार तिथली भाषा, तिथले मित्र, तिथले सुपरवायझर शिक्षणातच ओळखीचे झाले तर त्याचा फायदा फीच्या पावतीत दिसत नाही.

मुलींच्या बाबतीत बरेचदा पैशाचा हिशेब ऐकूनही आई म्हणते, आत्याच्या डोळ्यांसमोर राहील ते बरं. तिला मी खोडत नाही. फक्त एवढं सांगतो की मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज ॲडमिशनच्या दिवशीच भरा, मागे ठेवू नका. आणि आपल्यातले जे जमातीचे नाहीत त्यांच्यासाठी, जुलै २०२४ पासून इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी गटातल्या आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. हीसुद्धा राज्याची योजना, म्हणजे राज्याबाहेरच्या कॉलेजात विचारू नका.

आता शेवटचं आणि अवघड. मी एवढ्या योजना सांगितल्या, सगळ्या खऱ्या आहेत, पण सगळ्यांचे पैसे उशिरा येतात. ॲडमिशन जुलैत, पहिला हप्ता कधी दिवाळीला तर कधी होळीला. राज्यातल्या कॉलेजला शासन सांगू शकतं की मुलाकडून आधी फी मागू नका. बाहेरच्या कॉलेजला कोण सांगणार? मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत फेब्रुवारी २०१८ मध्ये विद्यार्थ्यांनी संप केला तो याच मुद्द्यावर, शिष्यवृत्तीच्या मुलांनी वसतिगृहाचे आणि जेवणाचे पैसे आधी भरायचे का यावर. शिष्यवृत्ती असूनही आपली मुलं नोव्हेंबरमध्ये गावी परत येतात आणि दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत कामाला लागतात. माझ्या रजिस्टरमध्ये अशा नावांपुढे "गैरहजर" असा शेरा असतो. तो लिहिताना मला कारण माहीत असतं. त्यांना शिकायचं नसतं असं नाही, त्यांना त्या चार महिन्यांसाठी पंधरा-वीस हजार कमी पडतात.

तर माझी मागणी अशी. या मांडवात आपण सत्तर-ऐंशी जण आहोत. पाच-पाच हजार धरले तरी साडेतीन-चार लाख होतात. देणगी म्हणून वाटून टाकायचे नाहीत, ते एका वर्षात संपतील. जुलैत मुलाला बिनव्याजी वीस हजारांपर्यंत द्यायचे, शिष्यवृत्ती खात्यावर आली की त्याने परत करायचे, पुढच्या जुलैत दुसऱ्याला. वीसएक मुलं दरवर्षी निघतील. काही पैसे बुडतील, बुडू देत. खातं शाळेच्या नावाने नको, हिशेबाचा त्रास सरांना नको. आपल्यातल्या तिघांच्या संयुक्त नावाने काढू आणि वही दरवर्षी मेळाव्यात सगळ्यांसमोर वाचू.

आणि पैसे नसतील त्याने वेळ द्यावा. मे महिन्यात, निकाल लागायच्या आत, दोन शनिवार इथं शाळेत बसायचं. मुलगा, पालक आणि कागदांची पिशवी घेऊन या असं गावोगावी सांगायचं. एकाने दाखले तपासायचे, एकाने मोबाइलवर कॉलेजची मान्यता बघायची, एकाने वरचा हिशेब कागदावर मांडून द्यायचा. नर्सिंग आणि फार्मसीतलं कळणाऱ्या आपल्या दोन मैत्रिणी आहेत, त्यांना मी काल विचारलंय, त्या हो म्हणाल्या. सीईटी-नीटचं कळणारा एक जण अजून पाहिजे. गुजराती वाचता येणाराही एक लागेल, तिकडचे दाखले वाचायला.

वही मी आणली आहे, दारापाशी टेबलावर ठेवली आहे. जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी नाव, मोबाइल नंबर आणि पैसे की शनिवार एवढं लिहा. बाई, पहिलं नाव तुमचं मी विचारून आधीच लिहिलंय.